बातमीदारानं रेनकोट घेताना आधी खिसा बघावा

मी मूळची मंगळवेढ्याची. आमच्याकडं नाव आहे ते ज्वारीचं, पावसाचं नाही. घरात दोन छत्र्या, त्याही उन्हासाठी. कोल्हापुरात पत्रकारिता शिकायला आले तेव्हाचे दोन पावसाळे छत्री आणि विद्यापीठाचं ग्रंथालय यांच्या आधारानं निघून गेले. यंदा जूनमध्ये इथल्याच एका दैनिकात शिकाऊ बातमीदार म्हणून लागले आणि पहिल्या पंधरवड्यातच कळलं, की छत्री धरणाऱ्या माणसाला लिहिता येत नाही. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाइल आणि वही दातात, अशी मी महापालिकेच्या दारात उभी होते. आमच्या चीफनी लांबून बघितलं आणि संध्याकाळी एवढंच म्हणाले, "आधी रेनकोट घे. बातम्या मग आण."

म्हणून हा रेनकोट घेतला. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण लेबलावरचं नाव तिसऱ्या दिवशीच पुसलं गेलं. हे परीक्षण सोमवार ते रविवार अशा एकाच आठवड्याच्या वापरावर आहे. तो आठवडा जुलैतला होता, पंचगंगा चढत होती आणि मी दिवसाचे आठ-नऊ तास त्या रेनकोटात होते. साध्या माणसाच्या दोन पावसाळ्यांएवढा वापर झाला असं समजा.

खरेदी महाद्वार रोडवर, रविवारी संध्याकाळी. दुकानात बायकांचे रेनकोट वेगळ्या रांगेत टांगलेले. गुलाबी, जांभळे, एकावर फुलं. सगळे चाचपून बघितले, आतला खिसा एकालाही नाही. विचारलं तर दुकानदार म्हणाले, "लेडीजना पर्स असती की." मग पुरुषांच्या रांगेत गेले. माझ्या मापाचा एकच शिल्लक होता आणि तो पोपटी होता. तेराशे पन्नास सांगितले, अकराशे पन्नासला ठरला. माझ्या महिन्याच्या मानधनाचा हा जवळजवळ दहावा हिस्सा, तेव्हा यापुढची किरकिर त्या हिशेबानं वाचावी.

माल असा: जॅकेट आणि पँट, दोन्ही मिळून एक छोटी पिशवी. कापड बाहेरून पॉलिस्टर, आतून पातळ रबरासारखा थर. शिलाईवर आतून टेप मारलेली. समोर चेन, चेनीवर पट्टी, पट्टीला टिचबटणं. बाहेर दोन खिसे, आत छातीशी एक. टोपी काढता-घालता येते आणि तिला पुढं पारदर्शक प्लास्टिकची पट्टी आहे. पाठीवर चकाकणारी पांढरी रेघ, जी रात्री गाडीवर खरंच उपयोगी पडते.

सोमवारी सकाळी पहिली नेमणूक कसबा बावड्यात, राजाराम बंधाऱ्यावर. ज्यांना हे ठिकाण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोल्हापुरात पावसाळ्यात माणसं एकमेकांना "जेवलास का" विचारत नाहीत, "पाणी किती फूट?" विचारतात. ते फूट पंचगंगेच्या पाण्याचे, या बंधाऱ्यावर मोजलेले. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. बंधारा स्वतः केव्हाच पाण्याखाली गेलेला असतो, आपण काठावरून गढूळ पाण्याकडं बघत उभं राहायचं आणि आकडा विचारून घ्यायचा. सोमवारी तो ३३च्या वर होता. पाऊस असा की समोरचा ऊस दिसत नव्हता. जॅकेटनं त्या तासाभरात एक थेंब आत येऊ दिला नाही. शिलाईतून नाही, चेनीतून नाही, खांद्यावरून नाही. इथवर पैसे वसूल.

गडबड झाली ती मी काम सुरू केल्यावर. तिथं आलेल्या एका अधिकाऱ्यांना दोन प्रश्न विचारायचे होते. मोबाइल त्यांच्या तोंडापुढं धरला, म्हणजे हात वर गेला. बाहीच्या टोकाला इलॅस्टिक आहे, पण मनगटावर ते सैल बसतं. हातावरून ओघळलेलं पाणी त्या फटीतून आत शिरलं, कोपरापर्यंत गेलं आणि तिथून थेट काखेत. रेनकोट बनवणाऱ्यानं माणसाचे हात खाली असतात, फार तर गाडीच्या हँडलला असतात, असं धरलेलं दिसतं. बाइट घेणारा, म्हणजे समोरच्याचं बोलणं रेकॉर्ड करून घेणारा माणूस त्याच्या हिशेबात नाही. मंगळवारी मी दोन्ही मनगटांवर केसांचे रबर चढवले आणि हा प्रश्न मिटला. दोन रबर, दहा रुपये.

दुसरी गोष्ट ऑफिसात आल्यावर कळली. रेकॉर्डिंग लावलं तर साहेबांचा आवाज कुठंच नाही, नुसतं खसखस, खसखस. टोपीवर पडणारा पाऊस आणि मान हलली की घासणारं कापड, तीन मिनिटं ४० सेकंद. टोपी डोक्यावर असताना आपल्यालाही समोरच्याचं अर्धं ऐकू येतं, पण ते लक्षात येत नाही, कारण आपण मान डोलावत असतो. साहेबांना पुन्हा फोन केला. "अहो मॅडम, तेच सांगितलं की मघाशी," म्हणाले, पण सांगितलं. तेव्हापासून बोलताना टोपी मागं टाकते आणि डोकं भिजू देते. डोकं वाळतं.

मंगळवारी दसरा चौकातून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा होता. या दिवसाचं श्रेय आतल्या खिशाला. मोबाइल तिथं कोरडा राहतो, उबदार राहतो आणि चार्जिंगची वायरसुद्धा मावते. बाहेरच्या खिशांबद्दल मात्र सावध करते. त्यांना वरून झाकण आहे, खालून वाट नाही. पाणी शिरतं आणि साचतं. माझ्या उजव्या खिशात वही होती. निवेदनातल्या मागण्या, बोललेल्या बायकांची नावं, गावं, सगळं निळ्या जेल पेननं लिहिलेलं. कलेक्टर ऑफिसच्या पोर्चमध्ये वही उघडली तर पानं आभाळासारखी झालेली, मध्येच एखादी वेलांटी. नावं परत विचारत फिरले. एका अंगणवाडीताईंनी माझ्या वहीकडं बघून स्वतःच्या पर्समधनं पेन्सिल काढून दिली. मुलांना द्यायला ठेवतात त्या. पेन्सिलीचं लिहिलेलं पाण्यानं फुटत नाही आणि दमट कागदावरही उमटतं. पत्रकारितेच्या दोन वर्षांत बातमीची व्याख्या आम्ही निदान पाच वेळा लिहिली असेल, पेन्सिलीचं कुणी बोललं नव्हतं.

त्याच रात्री ऑफिसच्या जिन्यात अजून एक शास्त्र कळलं. आमच्याकडं दाराशी खिळ्यांची रांग आहे, तिथं सगळ्यांचे रेनकोट टांगतात आणि खाली कालचे अंक पसरतात. माझी नावासह छापून आलेली पहिली बातमी, शाळांच्या गळक्या खोल्यांची, नेमकी माझ्याच रेनकोटाखाली होती. वरून टपटप चालू होती, कागदाचा लगदा झालेला, पण अक्षरं जागच्या जागी. छपाईची शाई तेलातली असते, ती पाण्याला दाद देत नाही. गळक्या खोल्यांच्या बातमीवर पाणी गळतंय हे डेस्कवरच्या काकांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

बुधवारचं रेनकोटाशी नातं कमी, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. संध्याकाळी राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याचा मेसेज आला. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं हे धरण, त्याला सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरावीक पातळीला आलं की दरवाजा आपला आपण उघडतो, कुणी बटण दाबायचं नसतं, आणि कोल्हापुरात दरवाजांचे नंबर क्रिकेटच्या स्कोअरसारखे सांगतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक. चार उघडले म्हणजे ५७१२. गावोगाव जाणारी डाक आवृत्ती सुटायला वीस मिनिटं होती. मी ओल्या पँटीतच बसून टाइप केलं आणि लिहिलं, "५७१२ टीएमसी विसर्ग." डेस्कवरचे काका खुर्चीतनं न उठता मोठ्यानं म्हणाले, "अगं, अख्खी राधानगरी आठ टीएमसीची. कोयना १०५ची. तू चोपन्न कोयना सोडल्यास एका दमात. कोल्हापूर ठेवतीस का न्हाईस?" क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, हे मी आता झोपेतही सांगेन. त्या चुकीत पँटीचाही वाटा आहे. ती आतून घामानं अंगाला चिकटते, आणि चिकटलेल्या पँटीत बसून माणूस फार विचार करू शकत नाही.

घामाचं नीट सांगायला हवं. पाणी बाहेरून आत येऊ देत नाही ते कापड आतला घामही बाहेर जाऊ देत नाही. पाठीवर, काखेखाली हवेची एखादी जाळी असायला हवी होती, ती नाही. अर्धा तास चाललं, जिना चढला, की आतून थेंब धरतात. मग आपण भिजलोय ते पावसानं की घामानं, याचा निवाडा करता येत नाही.

बुधवारी रात्रीच पाणी ३९ फुटांवर गेलं.

गुरुवारी सकाळी फोटोग्राफर दादांच्या मागं बसून आंबेवाडी-चिखलीकडं. दादांचा रेनकोट त्यांच्या अंगावर नसतो, कॅमेऱ्याच्या बॅगेवर असतो. स्वतः टी-शर्टवर. "मी वाळतोय, लेन्स वाळत न्हाई," हे त्यांचं उत्तर. शिवाजी पुलाजवळ तेवढ्या सकाळीसुद्धा पाणी बघायला आलेली गर्दी, कणसं भाजणारे, लेकरांना खांद्यावर घेतलेले बाप. इथं पूर बघणं हा सणासारखा प्रकार आहे, हे मंगळवेढ्याच्या माणसाला पटायला वेळ लागतो. सुतारवाड्यातल्या लोकांना चित्रदुर्ग मठात हलवायला सुरुवात झाली होती.

चिखलीत मात्र सणबिण काही नव्हतं. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांनी हे गाव बुडवलेलं. आता इशारा पातळी आली की लोक वाट बघत बसत नाहीत, उंचावरच्या सोनतळीकडं निघतात. आधी जनावरं, मग धान्य, मग माणसं. प्रत्येक दारात ट्रॅक्टर. म्हशी ट्रॉलीत चढायला तयार नव्हत्या, रेडकं चढवली की आपोआप मागं येत होत्या. दाराच्या चौकटीवर मागच्या पुराची खूण खिळ्यानं कोरलेली, माझ्या डोक्याच्या वर हातभर. एका घरात बाई तव्यावरची भाकरी तशीच फडक्यात गुंडाळून ट्रॉलीत ठेवत होती. मला लिहायचं खूप होतं आणि हात थरथरत होते. थंडीनं, असं मी दादांना सांगितलं.

तिथंच पँट फाटली. एका ट्रॉलीत चढून बोला म्हणाले, मी चाकावर पाय टाकला, आणि मांडीच्या सांध्यातली शिलाई टर्रकन गेली. टेपसकट. पँट अंगावर घातल्यावर गुडघ्याच्या वर पाय उचलला तर ओढ बसते, हे सोमवारीच जाणवलं होतं. पण पुरात बातमीदाराला ट्रॉलीत, होडीत, गच्चीवर चढावं लागतं. मध्ये जोडपट्टी घालून चार इंच कापड जास्त दिलं असतं तर दुकानदाराचं काय गेलं असतं?

ट्रॉलीत एक आजी बसल्या होत्या. डोक्यावरनं युरियाच्या पोत्याची खोळ. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात आत सारायचा, की टोपडं तयार, बाकीचं पाठीवर. त्या माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या.

"एवढा कागद गुंडाळूनबी भिजलीस की गं."

गावाकडं प्लास्टिकला कागद म्हणतात हे माहीत असूनही मी क्षणभर वहीकडंच बघितलं.

"केवढ्याला ह्यो?"

"अकराशे पन्नासला, आजी."

"अगं बया! जोडीला एक शेरडू आलं असतं."

हे परीक्षण आहे, तर पर्यायांची तुलनाही व्हायलाच हवी. खोळ: किंमत शून्य. दोन्ही हात मोकळे. पुढून वारा खेळता, त्यामुळं घाम नाही. वाकून काम करणाऱ्यासाठी तिच्याहून चांगली वस्तू नाही. आजींची पाठ पूर्ण कोरडी होती, मी हात लावून बघितली. दोष एवढाच, की गाडीवर ती उडते आणि कलेक्टर ऑफिसात शिपाई आत सोडायचा नाही. छत्री: वर लिहिलंच आहे. पोंचो: आमच्या ऑफिसातला एक ट्रेनी वापरतो. वारा आला की तोंडावर येतो, पण घालायला पाच सेकंद लागतात, आणि तो माझ्याआधी प्रत्येक ठिकाणी आत पोचलेला असतो.

कारण माझी पँट काढायला लागणारा वेळ हा स्वतंत्र विषय आहे. पायाची मोहरी अरुंद, सँडलवरनं निघत नाही. एका पायावर उभं राहून भिंतीला धरून सँडल काढायची, मग पँट, मग सँडल परत. चार मिनिटं जातात. दिवसातून सहा-सात ठिकाणी आत जायचं, म्हणजे रोजचा अर्धा तास मी सरकारी कार्यालयांच्या पोर्चमध्ये लंगडी घालत होते. शुक्रवारी एका बैठकीत मी पोचले तेव्हा साहेब "धन्यवाद" म्हणत होते.

शुक्रवारचं बाकी काही सांगण्यासारखं नाही, रात्र सोडून. शिक्षण हे बीट माझ्याकडं. शाळांना सुट्टी जाहीर होणार का, याचे फोन दुपारी चारला सुरू झाले ते रात्री साडेदहापर्यंत. घरमालकीणबाई, मैत्रिणीची वहिनी, आमच्याच जाहिरात विभागातले दोघं, मंगळवेढ्याहून आई (तिला काय करायचं होतं कोण जाणे). मी रस्त्यावर, मोबाइल आतल्या खिशात. प्रत्येक फोनला टिचबटणं, पट्टी, चेन, खिसा. पाऊस तेवढ्या वेळात आत. ज्या खिशाचं मंगळवारी कौतुक केलं तोच शुक्रवारी गळ्याशी आला. अकराव्या फोनला मी चेन उघडीच ठेवली आणि भिजले. आदेश आला तेव्हा सिटी आवृत्तीला दीड तास होता, पहिल्या पानावर चौकट गेली. नंतर दादा आणि मी गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. तिथं म्हशी उभ्या असतात आणि धार काढून फेसाळतं दूध तिथल्या तिथं पेल्यात देतात. पोपटी रेनकोट बघून म्हैस बिथरली. रंगाबद्दलचं माझं मत तिथं पक्कं झालं.

शनिवारी दुपारी फाटकी पँट घेऊन दुकानात. बिल होतं, त्यावर "एक महिना गॅरंटी" असं लिहिलेलं होतं. दुकानदारांनी पँट उलटीसुलटी केली. "ही शिलाईची गॅरंटी हाय."

"शिलाईच गेलीय."

"ओढून गेलीया. आपआपली गेली असती तर दिली असती."

आपआपली शिलाई कशी जाते हे मी विचारलं. राधानगरीच्या दरवाजासारखी का, हेही विचारणार होते, पण मागं गिऱ्हाइकं होती. शेवटी टाके घालून आणि वरून नवी टेप चिकटवून मंगळवारी देतो म्हणाले, पैसे न घेता. माणूस वाईट नाही. मी पत्रकार आहे हे सांगितलं नव्हतं, ते मुद्दाम नोंदवते. सांगायचा मोह झाला होता.

पाणी तोवर ४२च्या पुढं जाऊन थांबलं होतं. ४३ गाठलं नाही. शनिवारी संध्याकाळी बंधाऱ्यावरून निरोप आला, एक इंच उतरलं. एक इंचाची बातमी चार कॉलम लागली आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

रविवारी सुट्टी, पुढच्या आठवड्यात भरून घे या बोलीवर अर्धी कापलेली. रेनकोट साध्या पाण्यानं धुतला. आतल्या थराला घासू नये, इस्त्रीचं तर नावच नको, सावलीत उलटा टांगायचा. वाळत नाही. कोल्हापुरात जुलैत काहीच वाळत नाही. खोलीभर रबराचा आणि ओल्या कुत्र्याचा मिळून एक वास आहे, माझी रूममेट उदबत्ती लावते आणि काही बोलत नाही, ते जास्त लागतं.

गुण द्यायचे तर जॅकेटला पाचपैकी साडेतीन, त्यातला एक पूर्ण गुण आतल्या खिशाला. पँटला एक. टोपी गाडीवर चांगली, माणसाशी बोलताना निरुपयोगी. घ्यायचाच असेल तर जॅकेट एक माप मोठं घ्या, म्हणजे आत पाठीवरची सॅक मावते. पँट दुकानातच घालून एकदा मांडी घालून बसा आणि एकदा स्टुलावर चढा, दुकानदार हसला तर हसू दे. वही बाहेरच्या खिशात ठेवायची असेल तर दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून ठेवा, अर्धा लिटरवाली बरोबर बसते. आणि पेन्सिल.

पँट मंगळवारी मिळणार आहे. सोमवारी सकाळी सातला पुन्हा बंधाऱ्यावर जायचंय. चीफना तसं कळवलं, त्यांचं एका ओळीत उत्तर आलं, "खोळ आहे का घरी?"